पिंजऱ्यासकट काउंटर

काउंटर साडेआठ हजाराला गेला, तर सोपान बनसोडेला बावन्नशे रुपये सुटत होते. बँकेच्या लिलावात घेतला बत्तीसशेला, गोडाऊनचं भाडं झालं शंभर, आणि पॉलिश त्याने स्वतःच्या हाताने केलं होतं, तेव्हा त्याची मजुरी धरायचं कारण नव्हतं. बत्तीसशे आले होते सणाच्या उचलीतून आणि ती पगारातून दरमहा कापली जाणार होती, म्हणून तीही सोपान विसरून गेला होता. त्याच्या लेखी साडेआठ हजार निव्वळच होते. त्यांतले एकोणऐंशीशे मुलीच्या, दीक्षाच्या, मिरजेच्या नर्सिंगचे: फी, वसतिगृह, गणवेश, पांढरे बूट. उरलेल्या सहाशेत बायकोचा, जाईबाईचा चष्मा.

हिशोबात सोपान कच्चा नव्हता. सत्तावीस वर्षं साताऱ्याच्या एका बँकेत शिपाई होता. पैसे दुसऱ्याचे असले की तो कधीच चुकत नसे.

शहाण्णव साली बँकेत कॉम्प्युटर आले आणि साहेबांना सागवानी काउंटर जुनाट दिसायला लागला. अकरा फूट लांब, वर पितळी जाळी, एका टोकाला कॅशिअरचा पिंजरा. लिलावात कुणी हात वर करेना. सोपानने केला, आणि सगळी बँक हसली. "सोपान, घरात शाखा काढतोस का रे?" असं हेडक्लार्कने विचारलंसुद्धा. तीन महिन्यांनी गिऱ्हाईक आलं, तेही सोपानच्या गावचं, कडेगावच्या अलीकडचं. तेव्हा हसायची पाळी सोपानची होती.

गिऱ्हाईक म्हणजे लालासाहेब. गावात त्यांनी नवी पतसंस्था काढली होती. टेंपो गोडाऊनच्या दारात उभा होता, चार हमाल पिंजरा उचलून बाहेर आणत होते आणि लालासाहेब पितळी जाळीवरून बोट फिरवत होते.

"सोपानराव, वस्तू येक नंबर हाय," ते म्हणाले. "आता पैशाचं बोलू. रोख घेताय तर अठ्ठ्याहत्तरशे आत्ता मोजतो. खात्यावर घेताय तर साडेआठ."

"खात्यावर म्हंजी?"

"आपल्याच संस्थेत तुमच्या नावावर जमा. कवाबी या, कवाबी काढा. वर व्याज. नोटा घिऊन यस्टीत बसायचं, खिसा चाचपत कराडपतोर जायचं, हे आता जुनं झालं. तुमी बँकेतली मानसं, तुमाला म्या काय सांगायचं?"

जाईबाई पाटी खाली ठेवून पायरीवर बसली होती. तिची मंडईत भाजी असे, आणि धंद्याचा तिचा नियम एकच होता: पैसे हातात पडल्याबिगर तागडी गिऱ्हाइकाच्या पिशवीत उलटायची नाही.

"आवं," ती नवऱ्याला म्हणाली, पण ऐकवलं लालासाहेबांना, "मिरजंला फी भरायला पासबुक घेत्यात व्हय?"

लालासाहेब मोठ्याने हसले. "वैनी लय हुशार. आवं वैनी, पासबुकातनं पैसं निघत्यात, मग ते पैसं मिरजंला घेत्यात."

सोपानने बँकेतल्या माणसाला शोभतील असे चार प्रश्न विचारले. नोंदणी झाली का, लेजर कोण लिहितं, रोजची कॅश किती वाजता बंद करता. लालासाहेबांनी नोंदणीचा कागद दाखवला. लेजर आकाराम लिहितो म्हणाले, बी.कॉम. आहे, त्यांच्याच भाच्याचा दोस्त. "आन् कॅश कवा बंद करायची," ते म्हणाले, "ते तुमी यिऊन शिकवायचं. उद्घाटनाला तुमी पायजे. पयलं खातं तुमचं. खाते नंबर येक."

इथे भाव ठरला. सोपानचं बँकेतलं खातं होतं चार हजार तीनशे अकरा नंबरचं. पगार एक तारखेला तिथे मुक्कामाला यायचा आणि आठ तारखेला उठून जायचा. साहेबांच्या केबिनबाहेर त्याचं स्टूल होतं. लोकांची पासबुकं त्याने या टेबलावरून त्या टेबलावर नेली, ती एकावर एक रचली असती तर अजिंक्यताऱ्याला लागली असती. पण कुणी त्याला "पहिलं तुमचं" असं म्हटलं नव्हतं. शिवाय सातशे रुपये जास्त. मान आणि सातशे रुपये एकाच बाजूने बोलायला लागले की माणूस बायकोचं ऐकत नाही.

"खात्यावर टाका," सोपान म्हणाला.

टेंपो गेल्यावर जाईबाईने पाटी डोक्यावर घेतली. "मोकळं गोडाऊन झालं," ती म्हणाली. "एवढं तरी खरं."

उद्घाटन पंधरा दिवसांनी झालं. ग्रामपंचायतीजवळच्या गाळ्यात काउंटर असा बसला होता की गाळाच त्याच्या मापाने बांधलाय असं वाटावं. लालासाहेबांनी सोपानला पिंजऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं, गळ्यात हार घातला, नारळ दिला. फोटोही निघाला. लोक जाळीच्या पलीकडून वाकून बघत होते. त्या गाळ्यात महिन्यापूर्वी खताची पोती होती, हे सगळ्यांना माहीत होतं. पण पितळी जाळीतून बघितलं की खताचा वास येत नव्हता.

बौद्धवस्तीतली माणसंही आली होती. आपला सोपान हार घालून आत बसलाय, हे त्यांच्या दृष्टीने संस्थेपेक्षा मोठं होतं. त्याची आत्या, बयाबाई, जाळीला नाक लावून उभी होती. अडुसष्ट वर्षांची, एकटी. रोजगार हमीवर खडी फोडून तिने सहा हजार साठवले होते आणि ते पत्र्याच्या डब्यात, ज्वारीखाली होते.

"सोपाना, हितं ठिऊ का रं माजं पैसं?"

"ठेव की आत्ती. म्या ठेवल्यात न्हवं?"

पुढल्या आठवड्यात वस्तीतल्या नऊ जणांनी खाती उघडली. दलाली म्हणून सोपानने एक पैसा घेतला नाही. घेतला असता तर निदान तेवढा तरी वाचला असता.

मे महिन्यात सोपान पासबुक घेऊन मुद्दाम गावी गेला. पाचशे रुपये मागितले. आकारामने स्लिप भरून घेतली, शिक्का मारला आणि करकरीत नोटा जाळीखालून सरकवल्या. सोपानने त्या दोनदा मोजल्या. जाईबाईला चष्मा आला. तिने चष्मा लावून पासबुक पाहिलं, तारीख, काढले पाचशे, शिल्लक आठ हजार; मग काही बोलली नाही. ती बोलली नाही, याचा सोपानने आपल्या बाजूने अर्थ लावला.

जुलैत दीक्षाचं नाव मिरजेच्या यादीत लागलं. फी भरायची शेवटची तारीख शुक्रवार, दुपारी बारापर्यंत. सोपान सोमवारी गावी गेला, तेव्हा आकाराम खाली मान घालून म्हणाला, "आज क्याश न्हाई काका. बुधवारी या."

"किती वाजता?"

"येकदम सकाळीच या."

बुधवारी सोपान रजा टाकून पहिल्या गाडीने निघाला, कराडला गाडी बदलली आणि दहाला गावात उतरला. गाळ्यापुढे पन्नास-साठ माणसं होती. लालासाहेब तीन दिवस गावात नव्हते. कुणी म्हणे मुंबईला मंत्र्याकडे गेलेत, कुणी म्हणे संस्थेचा सगळा पैसा त्यांच्या कोंबड्यांच्या शेडमध्ये गेलाय आणि कोंबड्या मेल्यात. दोघंजण पितळी जाळीला लोंबकळून ती उचकटायला बघत होते. आत आकारामचा चेहरा मेणासारखा झाला होता. कुणीतरी दगड उचलला.

मग सोपानने ती गोष्ट केली, जी फक्त बँकेच्या शिपायालाच सुचली असती. पेन्शनच्या दिवशी तो ज्या आवाजात ओरडायचा, त्या आवाजात ओरडला. "ढकलाढकल करू नगा! वळीनं या! म्हाताऱ्यास्नी सावलीला बसवा! कोन पयला आला?"

आणि नवल म्हणजे लोकांनी ऐकलं. दगड उचलणाराही दगड टाकून रांगेत उभा राहिला. सोपानने शेजारच्या दुकानातून वही आणली, कागदाचे तुकडे केले, त्यांवर नंबर घातले आणि ज्याच्या त्याच्या हातात दिले. सगळ्यांत पुढे होते ते पहाटे सहालाच येऊन बसले होते. त्यांना काल रात्रीच कुठून तरी कळलं होतं. कुठून, हे सोपानने विचारलं नाही. शिपाई रांग लावतो, रांगेची चौकशी करत नाही. वस्ती ओढ्यापलीकडे, तिथली माणसं उशिरा पोचली. बयाबाईला एकोणीस नंबर आला. स्वतःला नंबर द्यायचं सोपानच्या ध्यानातच आलं नाही. रांग लावणारा कधी रांगेत असतो का?

तेवढ्यात गाळ्याच्या मागच्या खिडकीतून आकारामने त्याला खुणावलं.

"काका, मागच्या दारानं आत या. पेटीत सोळा हजार हायत, एवढंच. तुमचं आठ काढून ठेवतो. पोरीची फी हाय न्हवं? कुनाला कळायचं न्हाई."

सोपान मागे गेला. दार नुसतं लोटलेलं होतं. तिथे उभं राहून त्याने हिशोब केला, झरझर झाला. आपले आठ, बयाबाईचे सहा, चौदा. सोळातून चौदा गेले, दोन राहिले. ते दोन लोकांनी वाटून घ्यावेत नाहीतर गाळा पेटवावा. शुक्रवारी मिरजेला पैसे भरता येत होते. दीक्षा सकाळी बसस्टँडपर्यंत सोडायला आली होती.

त्याने दाराला हात लावला. गाळ्याच्या कडेने, सावलीतून, बयाबाईचा आवाज येत होता. ती शेजारणीला समजावत होती, "आगं, घाबरतीस कशाला? सोपाननं नंबर दिलाय. येकदा त्येनं नंबर दिला म्हंजी मिळनारच. बँकंतला मानूस हाय त्यो."

सोपान आत गेला खरा, पण आकारामला म्हणाला, "पेटी काउंटरवर घी. नंबरानं दे."

"काका, यडं का काय तुमी?"

"नंबरानं दे, आकाराम. म्या चिठ्ठ्या दिल्यात."

पिंजऱ्यात पेटी आली, जाळीखालून नोटा सरकायला लागल्या. रांग इतकी शिस्तीत चालली की साताऱ्याच्या साहेबांनी बघितलं असतं तर शाबासकी दिली असती. सोळा हजार अकराव्या नंबराला संपले. त्या अकरांतली नऊ आडनावं लालासाहेबांचीच होती. भाऊबंदांना बातमी रात्रीच पोचली होती, ती अशी. पैसे घेऊन ते सोपानच्या पाठीवर थाप मारून गेले. "गड्या, तू हुतास म्हनून झालं. न्हाईतर आज मारामारी हुती."

आकारामने पेटी उलटी करून दाखवली. बयाबाई काठी टेकत आली.

"सोपाना, माजा नंबर कवा रं?"

"उंद्या, आत्ती."

"बरं." तिने चिठ्ठीची घडी घालून पदराला गाठ मारली. "हीच चिठ्ठी चालंल न्हवं? का नवी घ्याची?"

"हीच चालंल."

रात्री नवाला सोपान घरी पोचला. त्याने सगळं सांगितलं, मागचं दारसुद्धा. ते सांगायची काही गरज नव्हती, पण सत्तावीस वर्षांत त्याने रोजची कॅश कधी कमी दाखवली नव्हती. जाईबाईने भाकरी थापायची थांबवली.

"सत्तावीस वर्सं साह्यबांचा च्याचा कप मागच्या दारानं आत न्हेला तुमी," ती म्हणाली. "पोरीच्या येळंलाच फुडचं दार घावलं व्हय?"

दीक्षाने ताट वाढून त्याच्यापुढे ठेवलं.

"पुढच्या वर्षी परत फॉर्म भरू, पप्पा," ती म्हणाली. आवाज इतका सरळ होता की ती रडली असती तर बरं झालं असतं असं सोपानला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच जाईबाईने फीसाठी मंडईतल्या सगळ्या ओळखीच्यांकडे उसने मागितले. बाराशे जमले. बँकेतल्या हेडक्लार्कने दोनशे दिले आणि काउंटरवरून एक विनोद केला. शुक्रवारी दुपारी बारा वाजता सोपान साहेबांच्या केबिनबाहेर स्टुलावर बसला होता आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत नव्हता.

पतसंस्थेवर पुढे सरकारी माणूस बसला. तो फाइल उघडतो आणि मिटतो. लालासाहेब चार महिन्यांनी परत आले, वाळले होते जरासे. आता त्यांचं हॉटेल आहे, हायवेला. रस्त्यात भेटले तर "सोपानराव, तुमचं बघू" म्हणतात. दुसऱ्या वर्षी नर्सिंगची यादी आणखी वर चढली आणि दीक्षाचे गुण तेवढेच राहिले. ती आता मंडईत आईशेजारी बसते. वस्तीतल्या बाकीच्या आठ जणांच्या पैशाचं सोपान नाव काढत नाही. ते मात्र त्याचं काढतात.

पण बयाबाईने चिठ्ठी सोडली नाही. गावाकडचं कुणी साताऱ्याला आलं की त्याच्याजवळ तिचा निरोप असे, नंबर आला का विचारा. तिसऱ्या निरोपाला सोपानने तिला सांगून पाठवलं: आला, पण पैसे थोडे थोडे मिळणार आहेत.

तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला पोस्टातून बयाबाईच्या नावाने मनीऑर्डर जाते. फॉर्म दीक्षा भरते. तिचं अक्षर चांगलं आहे. खाली मजकुराला जागा असते, तिथे काय लिहू, असं तिने पहिल्यांदा विचारलं होतं. सोपान म्हणाला, "कायबी नगं. पैसं बोलत्यात."

एवढा सगळा हिशोब मांडला तर असा निघतो. काउंटरच्या किमतीपैकी लालासाहेबांनी दिले पाचशे. आठ हजार दीक्षाने भरले. बयाबाईचे सहा हजार सोपान भरतो आहे, दरमहा पन्नास, म्हणजे दहा वर्षं, ती जगली तर. आणि मनीऑर्डरचं कमिशन पडतं अडीच रुपये. ते जाईबाई भाजीच्या गल्ल्यातून काढून, न बोलता, फॉर्मवर ठेवते.