झोपलेल्या जनुकांचा जिवाणू

मी एक जुना, मातीत राहणारा जिवाणू आहे. मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिले नसेल; पण बागेत कुदळ मारल्यावर येणारा मातीचा वास आमच्याच भाऊबंदांचा असतो.

हॉलंडच्या उत्तरेला, ग्रोनिंगेनजवळच्या एका बागेत, नाशपतीच्या झाडाखाली माझा जन्म झाला. चाळीस वर्षांपूर्वी रिंस्के नावाची मुलगी तिथली चमचाभर माती घेऊन गेली. प्रयोगशाळेत तिला नुकतीच नोकरी लागली होती. नवी औषधे शोधण्यासाठी तिने मला मातीतून वेगळे केले, ओटची पेज खाऊ घातली आणि रोगजंतूंसमोर उभे केले. मी काहीच केले नाही. रोगजंतू खुशाल वाढत राहिले. वहीत माझ्यापुढे 'निरुपयोगी' असे लिहून मला नळीत गोठवण्यात आले. मग वर्षानुवर्षे ना जगणे, ना मरणे.

पुढे प्रयोगशाळा नव्या, लहान इमारतीत हलायची ठरली. विभागाचा तरुण प्रमुख योस्ट यादी घेऊन बसला. निरुपयोगी नळ्या वाफेच्या भट्टीत जाणार होत्या. माझी पेटी ढकलगाडीवर चढलीसुद्धा.

"ही राहू दे," रिंस्के म्हणाली. तिचे केस आता पिकले होते.

"वहीत काय लिहिलंय ते वाच की."

"मीच लिहिलंय ते. बावीस वर्षांची होते. तेव्हा मला सगळंच कळत होतं."

योस्टला हसू आले. "बरं बाई. एकदा याची जनुकं वाचून घेऊ. काही नाही निघालं, तर मात्र भट्टी."

जनुके वाचली, तेव्हा योस्ट खुर्चीत सरळ बसला. निरनिराळे पदार्थ बनवण्याच्या एकोणतीस कृती माझ्याजवळ होत्या. त्यांतल्या पाच मी वापरत होतो. बाकीच्या झोपलेल्या होत्या.

त्यांना जागे करायला रिंस्केने माझे खाणे बदलले, मला थंडीत ठेवले, मीठ चाखवले. सात महिने गेले. मी ढिम्म.

"एकट्याला ठेवलंय ना आपण," ती एकदा म्हणाली. "एकटा कुणाशी भांडणार?"

ती सायकलवरून त्या बागेत गेली आणि तिथल्या मातीतून माझा जुना शेजारी, दुसऱ्या जातीचा एक जिवाणू, घेऊन आली. हा शेजारी आम्हालाच खाऊन जगतो. तो सरपटत माझ्या अंगाला भिडला, आणि कधी न वापरलेली एक कृती माझ्यात जागी झाली. पाचव्या दिवशी माझी कड नारिंगी झाली होती. तो नारिंगी पदार्थ त्यांनी एका चिवट रोगजंतूवर टाकला. इस्पितळातली औषधे त्याच्यापुढे हरली होती. तो रोगजंतू वाढायचा थांबला.

रिंस्केने योस्टला हाक मारून रोगजंतूची काचेची थाळी दाखवली. त्याने ती उजेडाकडे धरून पाहिली. मग तिच्यासाठी कॉफी घेऊन आला.

त्या पदार्थाचे औषध होईलच असे नाही. दहा वर्षे लागतील, कदाचित तो माणसाला सोसणारही नाही. रिंस्के निवृत्त झाली. बागेच्या जागी घरे व्हायची आहेत. मागच्या आठवड्यात योस्ट रबरी बूट घालून तिथे गेला आणि बादलीभर माती घेऊन आला.

मित्रांनो, त्या बादलीत किती जण गप्प बसले असतील, मलाही ठाऊक नाही. गप्प बसलेल्याला लगेच टाकून देऊ नका. त्याला आधी सोबत द्या, आणि थोडा वेळ थांबा.