नागोजीची तिथी

नागोजी निकम लढाईवर गेला तो १९४२ साली, घरात कुणाला न सांगता. कलकत्त्याहून एक पत्र आलं, ‘पत्ता बदलतोय, मग कळवतो’, आणि त्यानंतर काही नाही. लढाई संपली, इंग्रज गेले, नागू आला नाही. बारा वर्षं वाट पाहून भटजींनी दर्भाचा पुतळा करवला आणि त्याचे अंत्यविधी उरकले. पण तो गेला कोणत्या दिवशी, हे कुणाला ठाऊक? मग सर्वपित्रीला, तिथी माहीत नसलेल्या सगळ्यांबरोबर त्याचंही पान वाढायचं.

त्याच्या आईला, जमनाबाईंना, हे सोसत नव्हतं. “कोण कुठल्या घोळक्यात जेवतं माझं पोर,” त्या म्हणत. “मी जायच्या आत त्याला त्याचा दिवस मिळू दे.”

थोरला हंबीरराव चामराजपेठेतल्या एका छापखान्यात बाइंडर होता. दिवसभर दुसऱ्यांची पुस्तकं शिवायची आणि संध्याकाळी पलटणींच्या रेकॉर्ड ऑफिसांना अर्ज पाठवायचे, असं त्याचं दीड वर्ष चाललं होतं. इंग्रजी अर्ज गवीपुरातला शेजारी बिंदुमाधव टाइप करून देई. उत्तर सगळीकडून एकच येई: नागोजी रायाजी निकम नावाचा शिपाई आमच्याकडे नव्हता. पण हंबीररावही चिवट. धाकट्या भावाला कडेवर घेऊन वाढवलेला माणूस, तो चार नकारांना थोडाच भीक घालणार!

१९५८च्या मार्गशीर्षात एक लांबलचक उत्तर आलं. बिंदुमाधव वाचू लागला आणि मध्येच थांबला.

“नागोजी नाहीच म्हणतात. पण त्याच बापाचा, त्याच गल्लीतला एक ड्रायव्हर होता. ब्रह्मदेशाच्या सीमेवर कामी आला, ११ मे १९४४ला. नाव... हंबीरराव.”

“मी?”

“भरतीच्या वेळी वय एकवीस. इंग्रजी चौथी पास.”

“सरी, बरं, पुढं वाच.”

“घरी तार पाठवली होती. ‘इसम जिवंत आहे’ असा शेरा मारून परत आली.”

हंबीररावाला तिथंच उलगडा झाला. भरती झाला तेव्हा नागू जेमतेम सतरा वर्षांचा, इंग्रजी दुसरीत दोनदा नापास. थोरल्याचा शाळेचा दाखला आणि थोरल्याचंच नाव घेऊन तो गेला होता.

आणि ती तार घेतली होती खुद्द हंबीररावानं. आपल्याच मरणाची बातमी वाचून तो पोट धरधरून हसला होता. मेल्याची खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं, म्हणून जमनाबाईंनी त्याची दृष्ट काढली होती, गल्लीभर पुरणाच्या होळिगे वाटल्या होत्या. ज्याचं नाव तारेत तो धडधाकट समोर उभा. नागूचा विचार कुणाच्या मनाला शिवलासुद्धा नाही.

आईला फक्त तारीख सांगायची, असं ठरवून तो घरी आला. वाटेत भटजींकडून जुनं पंचांग पाहून घेतलं होतं. “वैशाख वद्य तृतीया,” त्यानं सांगितलं. जमनाबाईंनी ते तीनदा म्हणून पाहिलं. मग विचारलं, “एवढं लिहून ठेवलंय, तर तेव्हा तार का नाही केली त्यांनी?”

खोटं बोलणं हंबीररावाला कधी जमलं नव्हतं. त्यानं सगळं सांगून टाकलं. “मीच परत पाठवली, आई. आणि आपण गोडधोड केलं.”

जमनाबाई भिंतीला टेकून बसल्या. डोळे वाहत होते, ते त्यांनी वाहू दिले.

“त्या दिवशी नागूच्या वाटच्या दोन होळिगे तूप घालून झाकून ठेवल्या होत्या मी,” त्या अखेर म्हणाल्या. “गोडाचं केलं की ठेवायचीच. दुसऱ्या दिवशी कुणी खाल्ल्या रे त्या?”

“मी,” हंबीरराव मान खाली घालून म्हणाला.

“मग पोचल्या त्याला,” जमनाबाई म्हणाल्या. “हंबीरराव म्हणूनच गेला ना तो.”