रुख्मिणीच्या बदली

सौंदडला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जिथं आधी खताचं दुकान होतं त्या खोलीत, गुंजन रहांगडालेनं मन मोकळं करण्याची सोय उघडली. नागपुरातल्या इस्पितळातली नोकरी सोडून, एकटीच्या हिमतीवर. भिंतींना पिस्ता रंग दिला. दोन खुर्च्या मांडल्या, समोरासमोर नाही, जराशा तिरप्या, कारण शिकताना तसंच सांगितलं होतं. युरियाचा वास जावा म्हणून ती रोज ऊद जाळी. वास गेला नाही. खोलीला आता ऊद घातलेल्या युरियाचा वास येई.

पहिला फोन ऐन धानाच्या रोवणीत आला. बाईचा आवाज, मागून म्हशीचा.

"मले झोप नाही जी. दिवाळीच्या मागून नाहीच."

"या ना. गुरुवारी दुपारी या. एकट्याच."

बाई थांबली. म्हैसही थांबली. "खोलीत दुसरं कोनीच नसन?"

"तुम्ही आणि मी. दार बंद."

"मंग यीन."

नाव रुख्मिणी. नवऱ्याचं टेकचंद. घर गावातच, तळ्याच्या पाळीखाली.

गुरुवार.

आली मंजू.

"मी रुख्मिणीवहिनीची नणंद," खुर्चीत बसत ती म्हणाली. "वहिनी रोवणीवर हाय. तिच्या बदली मी आली. इचारा."

आता हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी. इकडे रोवणीत आज तुझ्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, मी, उद्या माझ्या बांधीत तू, असा वार चालतो. एखादीला ताप आला, तर तिच्या घरून दुसरी कोणी जाते. सासू, जाऊ, कोणीही. हात मोजायचे, तोंड पाहायचं नाही. वार फिटला की झालं. तर टेकचंदच्या घरच्यांनी साधा विचार केला होता. गुरुवारचा वार आपल्या घरावर आलाय, चुकवणं बरं नाही, ज्याला सवड आहे त्यानं जावं.

"त्यांना झोप का लागत नाही, असं तुम्हाला वाटतं?" गुंजननं विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं.

"मले का मालूम? मी तं झोपून राहाते तवा." मंजूनं खोलीभर नजर फिरवली. "तिच्या बदली जाची मले सवयच हाय. तिची माय मेली, तं तिच्या माहेरी दवनीवाड्याले तेरवीलेबी मीच गेली होती. चुरणा सुरू होता न, वहिनी निघाली असती तं खळ्यावर धान तसंच राहिलं असतं. पन मी काही कमी नाही केलं. तिच्या वाटचं रडून आली. लोक म्हणत, कोन हो ही पोरगी, सख्ख्या लेकीसारखी रडून राहिली."

गुंजनचा पेन थांबला.

"कधीची गोष्ट?"

"दिवाळीच्या मागूनची."

पुढचा गुरुवार.

सुशिलाबाई, सासू. खुर्चीत बसल्या, पदर सारखा केला, भिंतीला डोकं टेकलं आणि झोपल्या. घोरल्या. वेळ संपल्यावर गुंजननं हलकेच हाक मारली.

"झालं?" त्या उठल्या. "तिले झोप येत नाही म्हंते न, मंग मी तिच्या वाटची घेतली. बरं वाटन तिले."

"आजी, पुढल्या वेळी त्यांनाच पाठवा. त्यांच्यासाठी ही खोली आहे."

"घर एकच हाय बाई. खोली कोनाची का?"

गुरुवारच, पण टेकचंद.

तो दारातच म्हणाला, की बाई गुपित राखतात असं ऐकलं, पण आमच्या घरी गुपित ठेवायला जागा नाही, सगळीकडे धानाची पोती आहेत. मग बसला. गुंजननं काही विचारलं नाही. ती कंटाळली होती. आणि कोणी काही विचारत नाही म्हटल्यावर टेकचंद एकदम रडायला लागला. चांगला मोठ्यानं. रस्त्यावरचा सायकलवाला उतरून उभा राहिला.

शेवटी त्यानं दुपट्ट्यानं नाक पुसलं.

"हे तिच्या नावावर लिवा."

"हे तुमचं आहे, टेकचंदजी."

"माह्यं कायले? मले का झालं?" तो खरोखर चिडला. "मी बदलीवर आलो."

त्या संध्याकाळी गुंजनला कळून चुकलं, की असंच चाललं तर या गावात सगळं घर मोकळं होईल आणि एक रुख्मिणी तेवढी जागीच राहील. आईच्या तेरवीलाही तीच तेवढी राहून गेली होती, बाकी सगळं पार पडलं होतं.

गुरुवार. खोलीला कुलूप नाही.

ऐकणाऱ्यानं बोलणाऱ्याच्या घरी जाऊ नये, असा तिच्या विद्येत सक्त नियम होता. बांधी म्हणजे घर नव्हे, असं स्वतःला समजावत ती टेकचंदच्या बांधीच्या कडेला, धुऱ्यावर पोचली. चिखलात बायकांची ओळ वाकलेली. टेकचंद पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, पेंढ्या फेकत होता.

"रुख्मिणी कोण?"

ओळीतली एक सरळ झाली. वाळकी, कपाळावर चिखल.

"मी तुमच्या बदली आले," गुंजन म्हणाली. "तुम्ही जा. दार लोटलंय फक्त. आतून कडी लावा."

सगळ्यांनी टेकचंदकडं पाहिलं. त्यानं गुंजनचे हात पाहिले.

"हात आले न," तो म्हणाला. हिशोब बरोबर होता, नाही म्हणायला जागाच नव्हती. "जाऊ द्या तिले."

रुख्मिणीनं पाय धुतले आणि मागं न बघता गेली. ती रस्त्याला लागून दिसेनाशी झाली, तेव्हा शेजारची शामकला म्हणाली,

"बाई, तुमी इथं. मंग तिथं कोन हाय?"

गुंजन पेंढी हातात धरून उभी राहिली. हा विचार तिनं केला नव्हता.

"कोणी नाही."

"मी जाऊन बसतो न तुमच्या बदली," टेकचंद म्हणाला. "आता मले येते ते. फकत चूप राहाचं असते."

"नाही," गुंजन म्हणाली. इतकी कडक, की पुढची पेंढी त्यानं तिच्यापासून लांब टाकली.

खोलीतला गुरुवार.

(

)

तिथं गोष्ट सांगणारं कोणी नव्हतं.

बांधीतला गुरुवार.

गुंजनची कंबर गेली. तिची रोपं तरंगत होती. शामकला मागून येऊन ती पुन्हा खोचत होती आणि म्हणत होती, "काऊन वो बाई, हेबी शाळेतच शिकल्या का?"

उन्हं उतरता रुख्मिणी आली. डोळे सुजलेले, गालावर खुर्चीच्या दांड्याचा वळ. धुऱ्यावर उभी राहून तिनं गुंजनची ओळ पाहिली.

"काय झालं आत?" गुंजननं विचारलं.

"ते खोलीतलं हाय. बाहेर नाही सांगत."

नियम गुंजनचाच होता.

"पुढल्या गुरुवारी तुमी तिथं राहा," रुख्मिणी म्हणाली. "मी आज मायले निस्त्या हाका मारून आली. आता सांगाचं हाय."

"मंग इथं कोन?" टेकचंद म्हणाला. "मंजू सासरी चालली. मायचे गुडघे..."

"तुमी."

ओळीतल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. शामकला खाली चिखलाकडं बघून हसत होती.

"गडीमानूस रोवते काय कुठं?"

"माह्या मायच्या तेरवीले मंजू चालली," रुख्मिणी म्हणाली. आवाज चढवला नाही. "मंग रोवणीले तुमी चालता."

टेकचंदनं चपला काढल्या. परत घातल्या. बायका वाट बघत राहिल्या. मग त्यानं पुन्हा काढल्या.