चारशेवर राहिलेलं डायल

एकोणीस वर्षं मी बंदुकांच्या दुकानात काउंटरमागे उभा आहे. वायोमिंगमधल्या आमच्या गावात कुणाला लांब पल्ल्याची रायफल घ्यायची असली की लोक म्हणतात, ड्वेनला विचारा. आणि ड्वेन, म्हणजे मी, कुणी विचारायचीही वाट बघत नाही. नळी केवढी हवी, गोळी किती वजनाची, दुर्बिणीच्या काचा कुठल्या, सुरू झालो की मला आवरायला बायकोच लागते. इतकं सगळं कळतं मला. म्हणून तर पुढचं सांगताना मान वर होत नाही.

माझे सासरे ऑरिन एकोणऐंशी वर्षांचे. उभ्या आयुष्यात एकच रायफल, तिच्यावर चौपट दाखवणारी साधी दुर्बीण. सोळा वर्षं अर्ज केल्यावर यंदा सोडतीत त्यांना वरच्या डोंगरातला एल्कचा परवाना लागला. एल्क म्हणजे घोड्याएवढा सांबर. एका परवान्यावर एक नर, आणि या वयात परवाना पुन्हा लागायचा नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं.

"तुमच्या त्या जुन्या काठीने दोनशे यार्डांपलीकडे काही व्हायचं नाही," मी म्हणालो.

"मग दोनशेच्या आत जाईन."

"गुडघे नेतील का तुम्हाला?"

त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. मला वाटलं, जिंकलो. मग काय, मी हौसेने नवी रायफल निवडली. वजनाला हलकी, खांद्याला धक्का कमी देणारी. वर मोठ्या डायलची दुर्बीण, आणि म्हाताऱ्या डोळ्यांना दिसावेत म्हणून डायलवर यार्डांचे ठळक आकडे कोरून घेतले. एरवी डायल दोनशेवर असायचं. चारशे यार्डांवर मारायचं तर चारशेवर फिरवायचं, म्हणजे लांब जाताना गोळी जेवढी खाली पडते तेवढा नेम वर धरला जातो, आणि मारून झालं की आधी परत दोनशेवर आणायचं. हे शेवटचं मी गिऱ्हाइकांना इतक्यांदा बजावलंय की जनेल, माझी बायको, स्वयंपाकघरात माझी नक्कल करते.

निघायच्या आदल्या दिवशी नेमबाजीच्या मैदानावर ऑरिननी दोनशेवर तीन गोळ्या मारल्या. तिन्ही एका बशीत मावतील अशा. मग मला चेव आला. चार ओळखीचे उभे होते ना बघायला. मी डायल चारशेवर फिरवलं, लांबची लोखंडी पाटी वाजवली, लोकांनी वाहवा केली, आणि गप्पा मारत मारत रायफल पेटीत घातली.

सकाळी झाडीतून नर बाहेर आला तेव्हा अंतर होतं एकशे नव्वद. ऑरिन पाठपिशवीवर रायफल टेकवून आडवे झाले. श्वास सोडला, चाप ओढला. नर जागेवर कोसळला. मी त्यांच्या पाठीवर थाप मारली, तेवढ्यात तो उठला आणि दाट झाडीत शिरला.

तिथे रक्ताचे चारदोन थेंब होते आणि पाठीवरचे केस. गोळी वीतभर वर लागली होती. "धर जरा," म्हणून ऑरिननी रायफल माझ्याकडे दिली आणि त्या गुडघ्यांवर रांगत ते रक्त शोधायला लागले. मी डायल बघितलं. चारशे. बोलायचं होतं, देवाशपथ बोलायचं होतं. पण बोटांनी आधी डायल फिरवलं. दोनशेवर आणलं आणि मग गप्प राहणं सोपं झालं.

तीन दिवस शोधलं, नर सापडला नाही. तिसऱ्या दुपारी ऑरिननी चाकू काढून परवान्यावरची तारीख कापली. शिकार हातात आल्यावर करतात तसं; म्हणजे परवाना संपला.

"याची गरज नाही," मी म्हणालो. "कायदा असं सांगत नाही."

"जनावर मी मारलंय. सापडलं नाही, यात त्याचा काय दोष?"

जनेलने मला घरी विचारलं, "बाबांचा नेम कधी चुकत नाही. काय झालं रे?" मी म्हणालो, "वय झालं आता. हात थरथरतात." कॅफेत लोकांनी विचारलं, तिथेही तेच. दुसऱ्यांदा सांगताना तर जीभही अडखळली नाही. इतका हलकट निघालो मी.

आठवड्याने ऑरिन दुकानात आले. नवी रायफल काउंटरवर ठेवली. "ही घे परत. मला नको."

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मला राहवलं नाही. "ऑरिन, हात तुमचा चुकला नाही. डायल मी चारशेवर ठेवलं होतं."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"गोळी झाडल्यावर पहिल्यांदा तेच बघितलं. चारशे. मग तुझ्याकडे धरायला दिली. परत घेतली तेव्हा दोनशे."

"मग बोलला का नाहीत?"

"न बघता चाप मी ओढला. ते माझं. म्हणून परवाना कापला." त्यांनी चष्मा पुसला. "तुझं तू बोलशील असं वाटलं होतं. तर कॅफेत बोललास म्हणे. माझ्या हातांबद्दल."

त्यांनी दोन्ही हात काउंटरच्या काचेवर ठेवले आणि तसेच ठेवून उभे राहिले. एकही बोट हललं नाही. माझे हात मी काउंटरखाली घेतले.

"मी सगळ्यांना खरं सांगतो," मी म्हणालो. "कॅफेत जाऊन सांगतो."

"सांग. जनेलला आधी सांग." ते दाराकडे वळले. "पुढच्या हंगामात हरणाला जाणार आहे. माझी जुनी घेऊन, दोनशेच्या आत. जनेल येते म्हणाली."

दरवर्षी त्यांच्याबरोबर मी जायचो. पुढच्या वेळी कोण येणार, हे त्यांनी सांगितलं होतं. मी येऊ का, हे न विचारता मी काउंटरवरची रायफल उचलून आत ठेवली.