वेड्यात काढलेली गाडी

रविवार होता आणि बाबा गाडीखाली होते, म्हणजे जगात सगळं जागच्या जागी होतं. शेडच्या दारातून त्यांचे फक्त पाय दिसत होते. एकात मोजा, दुसरा उघडा. लेक दाराजवळच्या लाकडी खोक्यावर मांडीवर प्रुफं घेऊन बसली होती. ती एका प्रकाशनगृहात प्रुफं तपासायची आणि सुट्टीला घरी येतानाही पिशवीत एखादं प्रकरण घेऊन यायची. बाबांना ते आवडायचं. दोघं आपापल्या दुरुस्त्या करत बसले आहेत असं ते म्हणत.

"सदरा दे गं," गाडीखालून आवाज आला.

"सदरे बसवून कधीच झाले, बाबा. इंजिनाचं झाकणही लावलंत तुम्ही."

"अरेच्चा! मग टोपरं दे."

तिने बाकावरचं रबरी टोपरं उचलून त्या काळ्या हातात ठेवलं.

गाडी इटालियन होती. बुटकी, दोन दारांची, स्टिअरिंग डावीकडे, नाक लांब आणि मागची बाजू अशी कापल्यासारखी की बघणाऱ्याला वाटावं, कारखान्यात पत्रा संपला. तो कारखाना केव्हाच बंद पडला होता आणि तिच्या बहिणी जगात मोजक्याच उरल्या होत्या. बाबांचं आयुष्य गेलं बस आणि मालवाहू गाड्या दुरुस्त करण्यात. त्यांच्या गॅरेजच्या कोपऱ्यात ही बया कुणीतरी गिऱ्हाईक ठेवून गेलं आणि परदेशी स्थायिक झालं. 'तुम्हीच ठेवा आता,' असं त्याने फोनवर सांगितलं तेव्हा सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला होता आणि बसल्याजागी खालची जमीन दिसत होती. तिच्यासोबत एक जाडजूड पुस्तक होतं, सगळं इटालियनमध्ये. बाबांनी रद्दीवाल्याकडून एक शब्दकोश पैदा केला आणि सातवीतल्या लेकीपुढे ठेवला. "तू वाचणारी ना घरात? लाव अर्थ."

तिने सुट्टीभर स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून अर्थ लावला. शब्दाला चार अर्थ असले की ती पहिला घ्यायची. तिला वाटायचं, पहिला म्हणजे सर्वांत खरा. त्यामुळे इंजिनाच्या नळकांड्यात बसणारं अस्तर झालं 'सदरा', स्पार्क प्लग झाले 'मेणबत्त्या', सायलेन्सर झाला 'पातेलं', आणि कार्ब्युरेटरमध्ये हवेची वाट उघडणारी ती चकती झाली 'फुलपाखरू'. गिअर न्यूट्रलला आणायला त्या भाषेत जो शब्द आहे त्याचा पहिला अर्थ निघाला वेडा. तिने सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'इंजिन चालू करण्यापूर्वी दांडा वेड्यात घालावा.'

बाबांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "घालावा नाही गं, काढावा! वेड्यात काढावा!"

तेव्हापासून त्या घरात कुणी न्यूट्रल म्हणालं नाही. एकदा टॅक्सीत आई सवयीने ड्रायव्हरला म्हणाली, "उतारावर वेड्यात काढू नका हं." तो बिचारा आरशातून बघत म्हणाला, "मावशी, मी कुठं काय बोललो तुम्हाला?"

पुढे कॉलेजात गेल्यावर तिला आपल्या भाषांतराची लाज वाटायला लागली. तिने नीट, शुद्ध प्रत करून द्यायची तयारी दाखवली. बाबा घाईघाईने म्हणाले, "नको, नको. शुद्ध केलंस तर मला काही सापडायचं नाही."

तर त्या रविवारी बाबा गाडीखालून सरपटत बाहेर आले, कंबर धरून उभे राहिले आणि उजव्या दाराशी गेले. तिथे रंगारी काका हाताची घडी घालून उभे होते. हे बाबांचे जन्माचे मित्र. गाडीचा रंग त्यांचा. सात हात प्रायमर आणि लाल रंग असा दिला होता की त्यात बघून भांग पाडावा. बाबांच्या प्रत्येक बदलावर मात्र त्यांचा राग. रेडिएटरपुढे विजेचा पंखा बसवला तेव्हा ते दोन दिवस बोलले नाहीत. सीटबेल्टसाठी भोकं पाडली तेव्हा तर घरी जेवायलाही आले नाहीत.

"हे बघ," बाबांनी सीटखालची कळ ओढली. खालच्या गोल पट्टीवर सीट अलगद फिरली आणि दाराबाहेर तोंड करून थांबली. "आता बसायचं, पाय आत घ्यायचे, की गेली आत. गुडघ्याला त्रास नाही."

"वाट लावलीस," काका म्हणाले. "अरे, जशी होती तशी कर, नाहीतर सरळ नवी कर. ही काय न्हाव्याची खुर्ची केलीस?"

"लेका, कारखान्यातून निघाली तेव्हा त्यांना काय माहीत हिचे गुडघे?"

'हिचे' म्हणजे आईचे. आईने या गाडीला सवत असं नाव ठेवलं होतं आणि त्या खड्ड्यात मी मेले तरी बसणार नाही असं जाहीर केलं होतं. महिनाभरापूर्वी बाबा टेप घेऊन स्वयंपाकघरात शिरले आणि भाजी चिरत असलेल्या आईच्या गुडघ्याची उंची मोजून निघून गेले. "डोकं फिरलंय," आई तेव्हा लेकीला म्हणाली होती. "बहुतेक स्टूल करतायत माझ्यासाठी."

काका तणतणत गेले. बाबा फडक्याने हात पुसत लेकीजवळ खोक्यावर टेकले.

"आता फक्त फुलपाखरं जुळवायची. दोन्ही एका वेळी उघडली पाहिजेत. मग चालू. म्युझियमवाल्यांना फोन केलाय, ऐकायला या म्हटलं."

म्युझियमवाले म्हणजे जुन्या गाड्या जमवणारे एक सभ्य गृहस्थ. हेडलाइटच्या कड्या मिळत नव्हत्या तेव्हा त्यांनीच कुठून तरी मिळवून दिल्या होत्या.

"मग?" तिने विचारलं.

"मग काय, चालू झाली की घेऊन जातील. हे पंखे-बिंखे काढून मूळची करतील, मोठ्या हॉलमध्ये ठेवतील. त्यांच्याकडे नीट राहील ती. घरात कुणाला हवीय? तुझ्या आईची सवत. आणि तू..." ते हसले. "तू काय करणारेस तिचं?"

तिच्या तोंडाशी काहीतरी आलं होतं. इतकी वर्षं दर रविवारी ती प्रुफं घेऊन याच खोक्यावर का बसते, घरात पंख्याखाली का नाही, याचं उत्तर होतं ते. पण बाबांनी चाळिशीच्या लेकीकडे इतक्या समजूतदारपणे पाहिलं, की ती नेहमीसारखं काहीतरी बोलून गेली.

"मी? डिकीत शब्दकोश ठेवीन."

"ते जड होतील. मागचे स्प्रिंग बदलावे लागतील," बाबा गंभीरपणे म्हणाले, आणि पुन्हा गाडीखाली गेले.

सोमवारी सकाळी आईने पायरीवर त्यांना चहा नेऊन दिला. कप न्यायला आली तेव्हा बाबा खांबाला टेकून बसले होते. चहा अर्धा प्यायलेला होता.

पुढचे दिवस भेटायला येणाऱ्या माणसांचे गेले. लेकीने मरणावर पुष्कळ वाचलं होतं. त्यातलं एकही वाक्य मदतीला आलं नाही. वर्तमानपत्रात द्यायचा मजकूर कुणीतरी तिच्या हातात दिला. तिने सवयीने पेन काढलं, एक वेलांटी दीर्घ केली, एक स्वल्पविराम उडवला, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण काय वाचतोय. तिने तो कागद तसाच परत दिला. रडू तेव्हाही आलं नाही. आलं ते नंतर एकदा, भर रस्त्यात सिग्नलला, शेजारच्या ट्रकचालकाने दांडा हलवून न्यूट्रलला आणला तेव्हा.

म्युझियमवाल्यांचा फोन आला. घाई नाही, असं ते दोनदा म्हणाले. आई फोन ठेवून म्हणाली, "देऊन टाकू. तुझे बाबा बोलून बसलेत. त्यांचा शब्द मोडणारे आपण कोण?"

"बरं," लेक म्हणाली.

म्युझियमवाले आले त्या दिवशी रंगारी काका आधीच शेडमध्ये होते. ताडपत्री काढून, घडी करून, कडेला उभे. जणू मुलगी दाखवायची होती. फुलपाखरं जुळवायची राहिली होती, ती काकांनी आपल्या ओळखीच्या एका मेकॅनिककडून जुळवून घेतली होती. पाहुणे गाडीभोवती दोन फेरे फिरले. वाकले, आरसा लावून खालून बघितलं. दाराची फट बोटाने चाचपली.

"फार सुंदर," ते म्हणाले. "खरं सांगतो, मी इतकी सरळ फट कुठल्याच गाडीला पाहिली नाही. पंखा आणि अल्टरनेटर काढता येतील. बेल्टची भोकं बुजवू. तुमच्या वडिलांशी हे सगळं बोलणं झालं होतं. फक्त..." ते उजव्या दाराशी थबकले. "हे काय आहे?"

काकांनी घसा साफ केला. लेकीला वाटलं, आता न्हाव्याची खुर्ची निघणार.

"ते," काका म्हणाले, "वहिनींच्या गुडघ्यांसाठी. फिरते. बघा." त्यांनी कळ ओढली. "पट्टीवर एक ओरखडा नाही की खडखड नाही. असं काम आता कोण करतं हो?"

"अस्सं. छान कल्पना आहे," पाहुणे मनापासून म्हणाले. "मूळची सीट ठेवली असेल ना पण? ही बदलावी लागेल."

"थांबा," शेडच्या दारातून आई म्हणाली.

ती तिथे कधी येऊन उभी राहिली होती ते कुणालाच कळलं नव्हतं. वंगणाच्या वासाने डोकं धरतं म्हणून तिने वर्षानुवर्षं त्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. आता ती सरळ चालत गाडीपाशी आली.

"माझ्यासाठी केलंय ना ते? मग काढायच्या आधी मला बसून तर बघू द्या."

ती सीटच्या कडेला टेकली. मग पाठ टेकवली, पाय उचलले, आणि काकांनी सीट हळूच आत फिरवली. आई गाडीत बसली होती. तिने एकदा गुडघ्यांवर हात ठेवून बघितलं, मग पुढच्या काचेतून समोरच्या भिंतीकडे.

"अहो," ती म्हणाली, आणि शेडमध्ये कुणालाही विचारावं लागलं नाही की कोणाला, "बरी आहे की हो ही."

काका पाठ फिरवून ताडपत्रीची घडी उलगडायला आणि पुन्हा घालायला लागले.

जरा वेळाने पाहुण्यांनी हळूच विचारलं, "इंजिन ऐकता येईल का? कुणाला चालू करता येतं?"

काका रंगाचे. त्यांनी लेकीकडे पाहिलं. मेकॅनिकने नुसती फुलपाखरं जुळवली होती, किल्ली फिरवायला त्याने नकार दिला होता. घरच्या माणसाने फिरवायची, म्हणाला होता.

ती डावीकडचं दार उघडून आत बसली. सीट खूप खाली होती आणि स्टिअरिंगचं लाकूड गार होतं. या गाडीच्या प्रत्येक नटाचं नाव तिला तोंडपाठ होतं, पण या जागेवर ती कधी बसली नव्हती. बाबांनी बस म्हटलं नव्हतं, कारण तिने कधी मागितलं नव्हतं.

"आधी काय करतात?" आईने विचारलं.

"आधी वेड्यात काढायचं."

"हां, ते मला माहितीय."

तिने दांडा मधे आणून डावी-उजवीकडे हलवून बघितला. किल्ली एक घर फिरवली. मागे पेट्रोलचा पंप टकटक करायला लागला. टकटक मंदावून थांबेपर्यंत वाट पाहायची, हे तिनेच लिहिलं होतं, आईच्या टेबलावर, 'पंपाचे बोलणे संपू द्यावे.' पंपाचं बोलणं संपलं. चोक ओढला. किल्ली पुढे.

गाडी खोकली. पातेल्यातून एक बार निघाला आणि काकांच्या तोंडून एक शिवी. दुसऱ्यांदा गाडी नुसतीच घरघरली. तिसऱ्यांदा तिने पाय जरासा दाबून धरला, तेव्हा आत कुठेतरी एक मेणबत्ती पेटली, मग दुसरी, मग सगळ्या, आणि भिंतीवरचे पाने खुंट्यांवर थरथरायला लागले. आवाज खरखरीत होता, दाट होता, आणि हळूहळू एकसारखा होत गेला, जसं बोलायला बसलेलं माणूस आधी घसा साफ करतं आणि मग बोलतं. आईने एका हाताने दार घट्ट धरलं होतं. ती हसत होती.

म्युझियमवाल्यांनी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा ते खिडकीशी वाकले आणि आवाजावर आवाज चढवून म्हणाले, "अप्रतिम! पुढच्या आठवड्यात मी ट्रेलर पाठवतो. अजिबात काळजी करू नका, आम्ही तिला जपू. तुमचे वडील म्हणायचेच, घरात कुणाला नकोय, तुम्ही घेऊन जा."

कुणाला नकोय. बाबा हे हसत म्हणाले असतील. गिऱ्हाइकाला समजावून सांगावं तसं, तक्रार नाही, दुःख नाही. आणि ते खरं मानूनच पायरीवर चहा प्यायला बसले असतील.

"मला हवीय," ती म्हणाली.

"काय?" पाहुण्यांनी कानामागे हात धरला.

तिला मोठ्याने बोलायची सवय नव्हती. दिवसभर ती दुसऱ्यांची वाक्यं मनातल्या मनात वाचायची. तिने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि इंजिन बंद न करता, पाहुण्यांकडे नाही, आईकडेही नाही, समोर बघत, शेडभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"बाबा, मला हवीय ही गाडी. आहे तशी. मला पहिल्यापासून हवी होती."