आठ काड्यांची चौकी

गेल्या वर्षी मी वर्गात हजेरी द्यायलाही लाजायचे. यंदा एनसीसीत गेले अन् आवाज असा फुटला की आई म्हणते, "हळू बोल बाई, निलंग्याचं बसस्टँड न्हाई हे!" नांदेडच्या शिबिरात वाळूच्या नकाशाची स्पर्धा होती. शत्रू येतोय, गाव वाचवा. जिंकेल ती दिल्लीला जाणार. मला जायचंच होतं!

निळीची नदी, रंगवलेल्या भुशाचं रान, शेंगांच्या टरफलांची घरं. काड्यापेटीच्या वीस काड्या म्हणजे सैनिक. नियम असा, की एक काडी शत्रूला पाव तास अडवते. उदगीरच्या मंजुश्रीनं गाव आधीच रिकामं केलं अन् सगळ्या काड्या मागच्या टेकडीवर ठेवल्या. "येऊ दे आत, मग घेरू."

"म्हंजे गाव देऊन टाकायचं? लई भारी संरक्षण!" मी हसले.

मी आठ काड्या पुढं नदीकाठी रोवल्या, बाकीच्या पार मागं. मागच्यांना पोचायला दोन तास. तेवढा वेळ हे आठ झुंजणार. एक टरफलही हलणार नाही!

फोटो मल्लिनाथ अण्णाला पाठवला. माझा सख्खा भाऊ, सीमेवरच्या पुढच्या चौकीत आहे. रेंज मिळताच त्याचा फोन आला.

"झ्याक केलीस की वर्षे. हे आठ माघारी कुठून येतेत?"

"येत न्हाईत. दोन तास धरायचं हाय त्यांना."

तो हसला, पण नेहमीसारखा नाही. "आमीबी हितं आठच हाव. एक वाट ठेव गं त्यांना."

"ठेवते अण्णा. शपथ."

मी काडीनं माघारीचा चर ओढला. पण चर राखायला दोन जण लागणार. पुढं उरले सहा, म्हणजे दीडच तास. मधल्या अर्ध्या तासात गाव जात होतं. तीनदा मांडून पाहिलं, तीनदा गेलं. मग बोटानं चर बुजवून वाळू सारखी केली.

दुसऱ्या दिवशी परीक्षक साहेबांनी विचारलं, "पुढच्या आठपैकी किती परत येतील?"

"एकही नाही, सर!"

अख्ख्या मंडपाला ऐकू गेलं. पहिला नंबर माझा. टाळ्या थांबेचनात.

घरी निलंग्याला आले त्या संध्याकाळी अण्णाचा फोन.

"निवड झाली?"

"झाली!"

"अरे, बहीण दिल्लीला चालली माझी!" तो तिकडं कोणाला तरी ओरडून म्हणाला. मग मला, "वाट ठेवलीस ना?"

"ठेवली की."

"कुठून?"

"डाव्या हाताला. नाल्यातून."



"डावीकडं उघडं रान हाय, वर्षे. फोटो हाय माझ्यापाशी."

"अण्णा..." मी म्हणाले, गेल्या वर्षी हजेरी द्यायचे तेवढ्याच आवाजात.

"असू दे," तो म्हणाला. "आईकडं दे फोन."