कोरडा ठेवलेला कोपरा

सीझियमची नळी भट्टीत फुटली, तेव्हा धाकट्याचा उजवा डोळा गेला. सीझियम म्हणजे धातूंमधला माथेफिरू. तळहाताच्या उबेनं लोण्यासारखा वितळतो आणि हवा लागली की पेटतो. धाकटा त्याला आणखी दोन धातूंबरोबर काचेत कोंडून भाजायचा, मग आतून नखाएवढे चकचकीत पापुद्रे निघायचे. त्या दिवशी पापुद्रे निघाले नाहीत. काच निघाली, तीही डॉक्टरांच्या चिमट्यानं, त्याच्या डोळ्यातून.

पलीकडच्या खोलीत ते पापुद्रे गारठवून त्यांतून वाहणारी वीज मोजायची त्याची थोरली बहीण, ताई. दवाखान्यात तिनं भावाचं डोकं मांडीवर घेतलं आणि मनाशी गाठ मारली, की ह्याचा एकही पापुद्रा वाया घालवायचा नाही. तिथंच घोडं पेंड खायला लागलं.

तीन धातूंच्या ह्या पापुद्र्यातले अणू टोपलीसारखे विणलेले असतात. टोकाला टोक लावून त्रिकोण, मधे सहा कोनांची भोकं. शहाणे त्या विणीला कागोमे म्हणतात. पापुद्रा पुरेसा गारठला की आत मोकाट हिंडणारे इलेक्ट्रॉन एकाएकी रांगा धरतात, कुठं दाट, कुठं विरळ, अशा लाटा उमटतात. विणीच्या तिन्ही दिशा सारख्या, म्हणजे लाटेनंही तिघींना सारखंच वागवावं. पण ताईच्या पडद्यावर तीन दिशांना विजेला होणाऱ्या अडथळ्याच्या तीन रेघा असायच्या, आणि गारठा पडला की त्यातली एक दोघींना टाकून वर पळायची. लाट आपण होऊन एका बाजूला कलते, असं ताईनं जगाला सांगितलं. जगानं मान डोलावली आणि त्या कलाला तिचं नाव दिलं. तेव्हापासून ताईची मान जरा ताठ झाली. जरा कसली, चांगलीच ताठ झाली.

आता पापुद्रा तांब्याच्या पट्टीवर बसवायचा तर चार कोपऱ्यांना चांदीच्या डिंकाचे चार ठिपके लावतात. ताई तीनच लावायची. चौथा कोपरा कोरडा ठेवला की तिथून पातं सरकवून पापुद्रा न मोडता उचलता येतो, पुन्हा वापरता येतो. भावाच्या डोळ्याची काटकसर होती ती.

घर प्रयोगशाळेच्या आवारातच होतं. एका दुपारी जेवताना धाकट्यानं विषय काढला. गारठ्यात तांबं जास्त आकसतं, पापुद्रा कमी. तीन कोपरे ओढले जातात, चौथा मोकळा राहतो, मग लाट कलेल नाही तर काय करेल? तुझी लाट कलत नाही ताई, तुझा डिंक तिला कलवतो, असं तो घास चावत म्हणाला. आईनं सांगितलं, भांडायचं तर ताटावरून उठून भांडा. ताई उठली आणि तिनं त्याच्या थोबाडीत ठेवून दिली. ताट उलटं झालं. आई जागची हलली नाही. पोटी दोन मांजरं आली असती तर निदान उंदीर तरी मारले असते, एवढंच पुटपुटली.

धाकटा दारात वळला.

"डोळा माझा गेला, ताई. आंधळी तू झालीस."

तो कुठं निघाला हे तिला उशिरा, घराच्या पायऱ्या उतरताना उमगलं, आणि ती धावली. तोवर त्यानं शेवटचा चांगला पापुद्रा डिंकाशिवाय, कुठूनच ओढ बसू नये म्हणून मधोमध ग्रीसच्या एका थेंबावर टेकवून गारठवायच्या यंत्रात सोडला होता आणि वरून द्रव नायट्रोजन ओतत होता. तिनं त्याची कॉलर धरून ओढलं. त्यानं कोपर मारलं, तिचा ओठ फाटला. तिनं टेबलावरचा लोखंडी पाना उचलला आणि हाणला तो उजवीकडून. तिकडचं त्याला दिसत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? जबडा कडकन वाजला. पडता पडता त्यानं नायट्रोजनचं भांडं अंगावर ओढून घेतलं. धूर फरशीवर पसरला आणि त्याची बाही लाकडासारखी कडक झाली. त्या हातानं धरता येईना, तर दुसऱ्या हातानं त्यानं तिचे केस धरले आणि तिचं कपाळ टेबलाच्या पायावर आपटलं. एकदा नाही, दोनदा.

आवाजानं विभागप्रमुख आणि शेजारच्या वर्कशॉपमधला लेथवाला दारात येऊन थबकले. रक्त बघून लेथवाला मागं सरला.

यंत्राला मात्र भाऊबहीण कुणी नव्हतं. ते गारठत होतं. ताई टेबलाला धरून उठली, तर समोर पडदा. तिन्ही रेघा खाली उतरत होत्या. लाट उमटायची वेळ आली, तिघी एकदम वाकल्या आणि एकीला एक चिकटून पुढं गेल्या. कुणीही कुणाला टाकून पळालं नाही.

तिचा अंगठा यंत्र बंद करायच्या बटणावर गेला. दाबलं की पडदा काळा, पापुद्रा पुन्हा गरम, आणि झटापटीत तारा तुटल्या म्हणायला कुणाची बंदी नव्हती. दारातून पडदा दिसत नव्हता. धाकटा तर फरशीवर होता.

"काय आलं?" त्यानं विचारलं. जबड्यामुळं शब्द बोबडे येत होते.

ताईचा अंगठा तिथंच राहिला. बऱ्याच वेळानं तिनं तो उचलून पदराला पुसला.

"तिन्ही एकत्र आहेत," ती पुटपुटली.

"मोठ्यानं बोल. ते दारात उभे आहेत."

ताई दाराकडे वळली. कपाळावरचं रक्त भुवईत उतरलं होतं.

"कल खोटा आहे," ती म्हणाली. "माझ्या डिंकाचा होता. माझं नाव काढून टाका त्याच्यावरून."

धाकट्यानं एक दात तळहातावर थुंकला आणि न्याहाळला.

"आता गाडी बोलवा दवाखान्याची," तो म्हणाला. "आणि हिलाही घाला तिच्यात. पण माझ्या शेजारी नको."